जे जळगावला, ते धुळ्याला

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या ‘पुष्पा प्रिंटर्स’चा कॉम्प्युटर शनिवारी संध्याकाळी पाचव्यांदा सुरू केला आणि पाचव्यांदा त्याचा पडदा काळा झाला, तेव्हा कुंदाचे वडील खुर्चीवरून उठले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, आणि मग त्याच रुमालाने मॉनिटरची काच पुसायला घेतली. जणू काचेवर काजळी बसलीय आणि ती निघाली की मागचं चित्र दिसणार.

“नाना, काच स्वच्छच आहे,” कुंदा म्हणाली.

“मी कुठं म्हणालो घाण आहे म्हणून?” नाना म्हणाले, आणि पुसतच राहिले.

पुष्पा प्रिंटर्स म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. तिथे रुपचंद नाना लग्नपत्रिका छापायचे. आधी मजकूर जुळवायला शिशाचे खिळे होते, मग स्क्रीन प्रिंटिंग आलं, आणि दोन वर्षांपूर्वी, म्हणजे शहाण्णव साली, हा कॉम्प्युटर आला. त्याच दिवशी, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, अगदी तसाच एक कॉम्प्युटर धुळ्यालाही गेला. कारण धुळ्यालाही एक पुष्पा प्रिंटर्स होतं, ते पितांबरकाकांचं, आणि दोन्ही दुकानांच्या पाट्या एकाच पेंटरने एकाच दुपारी रंगवल्या होत्या.

हा सगळा आबांचा नियम. चुडामण आबा, म्हणजे कुंदाचे आजोबा. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ सुपडूबाबा तरुणपणी धरणगावला असताना एका रेडिओवरून भांडले होते आणि सात वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. शेत वाटलं, विहीर वाटली, बैल वाटले, कशावरून काही झालं नाही, आणि एका रेडिओवरून सात वर्षं. तो रेडिओ पुढे बंद पडला, पण बोलणं काही त्यामुळे सुरू झालं नाही. तेव्हा आबांनी ठरवलं की आपल्या दोन पोरांत असं कधी होऊ द्यायचं नाही. जे जळगावला, ते धुळ्याला. जळगावला भिंतीवर घड्याळ लागलं की धुळ्यालाही तेच घड्याळ. नानांनी आकाशी स्कूटर घेतली तर काकांनीही आकाशीच घेतली. एकदा जामनेरच्या एका लग्नातून दोघे एकमेकांच्या स्कूटरी घेऊन आपापल्या गावी गेले आणि पंधरा दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर असा हा कॉम्प्युटर. आणि कुंदा त्याच्यासमोर बसायला लागली ती यंदाच्या संक्रांतीपासून.

त्याआधीची कुंदा वेगळी होती. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची आणि मॅडमनी नाव घेतलं की वहीत डोकं घालायची. पण नववीत शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली. आठवड्यातून दोन तास, चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, आणि तीन-तीन मुलींनी एका मशीनवर बसायचं. तिथे का कोण जाणे, कुंदाचं डोकं असं काही चाललं की तिचं तिलाच नवल वाटलं. जानेवारीत प्रॅक्टिकलला ती पहिली आली, आणि तेव्हापासून तिचा आवाज वाढला. आई म्हणायची, “अगं, मी इथेच आहे, शेजारच्या आळीत नाही.” त्यानंतर संध्याकाळी ती नानांच्या दुकानात बसून पत्रिकांचा मजकूर टाइप करायला लागली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे तर ती डोळे मिटून टाइप करायची.

आणि मग मार्चअखेर एका संध्याकाळी, ती खुर्चीत बसलेली असतानाच, कॉम्प्युटरचं विंडोज कोलमडलं. एका गिऱ्हाईकाने आणलेल्या फ्लॉपीतून व्हायरस आला होता, हे नंतर कळलं. पण आबांनी आत डोकावलं तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की पडदा निळा आहे आणि समोर पोरगी आहे.

“काय दाबं तुनी?” आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं होतं.

“काही नाही आबा.”

“काही नही दाबं तं ते बंद कसं पडनं?”

याला उत्तर होतं, पण आबांना पटेल असं नव्हतं.

जळगावात ओळखीचा दुरुस्तीवाला नव्हता. धुळ्याला काकांच्या दुकानाशेजारी एक होता. त्याने फोनवर सांगितलं, अख्खा कॉम्प्युटर आणू नका, आतली डिस्क तेवढी आणा. मशीनं दोन्ही एकच आहेत, मी इथल्या पेटीत लावून सगळं परत बसवून देतो. मग नानांनी पेटी उघडली, फोन कानाला लावून एक-एक स्क्रू काढला, आणि ती वहीएवढी जड डिस्क बाहेर काढली. आईने स्टीलचा डबा घासून दिला. त्यात आबांनी धरणगावच्या कापसाचे चार थर घातले, वर डिस्क, वर पुन्हा कापूस. नाना तो डबा मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला गेले. कंडक्टरने विचारलंही, “पेढे का हो?” नाना म्हणाले, “पेढेच समजा.”

धुळ्याला दोन दिवसांत काम झालं. विंडोज नव्याने बसलं, मराठी फॉन्ट परत आले, पत्रिकांची सगळी डिझाइनं परत आली. नानांनी तिथे म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं, दुरुस्तीवाला आत बसून म्हणाला, “झकास चालतंय, घेऊन जा.” डबा परत आला. डिस्क पेटीत गेली. स्क्रू लागले.

आणि पडदा काळा.

नानांनी धुळ्याला फोन लावला. काकांचा आवाज बाहेर अंगणापर्यंत येत होता. “भाऊ, इथे तर एक नंबर चालत होतं. मग तुझ्याकडेच काहीतरी असेल.”

आबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे निकाल दिला. उद्या रविवारी पितांबर जीप घेऊन पिंप्राळ्याला एका लग्नाच्या सुपारीच्या कार्यक्रमाला येणारच आहे. जाताना कॉम्प्युटर घेऊन जाऊ दे. दुरुस्तीला नाही, कायमचाच. दोन्ही मशीनं धुळ्याला राहतील, पत्रिकेचा मजकूर तिकडे होईल, छपाई इकडे.

“आठे कोन शे ते सांभाळाले?” आबा म्हणाले. इथे सांभाळणार कोण, हाच त्यांचा सवाल होता.

कुंदा दोन पावलं पुढे आली. ‘मी आहे ना,’ असं म्हणायचं तिच्या अगदी ओठावर होतं. पण निळा पडदा आणि समोर पोरगी, हे चित्र आबांच्या डोळ्यांतून गेलं नव्हतं, ते तिला दिसत होतं. ती म्हणाली, “आबा, काका येईपर्यंत मी बघू का?”

“बघाले काय शे तठे? अंधारच शे.”

“अंधारच बघते.”

आबा काही बोलले नाहीत. आबा काही बोलले नाहीत म्हणजे होकार नसतो, पण नकारही नसतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी साडेदहालाच काकांची जीप आली. पितांबरकाका उंच, हसरे, आणि बोलायला लागले की हातवारे करून खोली भरून टाकणारे. पण आज ते जरा आखडूनच होते. दुकानात आलेच नाहीत. कॉम्प्युटरकडे लांबूनच बघून म्हणाले, “जीपमध्ये गादी टाकून आणलीय. पोती पण आहेत. कार्यक्रम उरकतो, जेवण झालं की उचलू.”

म्हणजे कुंदाकडे होता जेवणं होईपर्यंतचा वेळ.

अंगणात आईने मातीचं खापर चुलीवर उपडं घातलं होतं. काकांना मांडे आवडतात म्हणून आज मांडे आणि आमरस. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत-फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद खापरावर टाकायची, हे काम घाईचं नाही. कुंदा परातीजवळ जाऊन हळूच म्हणाली, “आई, किती वेळ लागेल गं?”

आईने तिच्याकडे बघितलंही नाही. हातावरची पोळी फिरवत म्हणाली, “चूल आज नीट पेटत नाहीये. बराच लागेल.”

चूल चांगली धडधडत होती.

कुंदा दुकानात आली. कूलर लावला, चपला दाराबाहेर काढल्या, शाळेतल्यासारखे हात धुतले. खुर्चीवर बसली आणि काही न दाबता आधी नुसती बघत राहिली. कॉम्प्युटरच्या मॅडम नेहमी म्हणायच्या, मुलींनो, बिघडलं कुठे ते मागाहून शोधा, आधी चांगलं कुठपर्यंत आहे ते शोधा.

तिने मॉनिटरच्या मागची वायर काढली. प्लगमधल्या पंधरा बारक्या पिना एक-एक करून बघितल्या. एकही वाकलेली नव्हती. पुन्हा घट्ट बसवली, दोन्हीकडचे स्क्रू पिळले. मॉनिटरखालचं उजेडाचं चाक पूर्ण फिरवून बघितलं. काही नाही. मग तिने बटण दाबलं आणि पहिल्यांदाच, भीती न बाळगता, पहिल्या क्षणापासून बघितलं.

पंखा फिरला. पडद्यावर पांढरे आकडे धावले. म्हणजे मॉनिटर जिवंत. ‘बीप’ वाजलं. विंडोज सुरू होतंय अशी एक इंग्रजी ओळ आली. म्हणजे डिस्क जिवंत. मग ते निळं आकाश आणि ढग आले, अगदी स्वच्छ, रंगीत. म्हणजे वायरही ठीक. मग पडद्यावर क्षणभर तिरप्या रेघा सरकल्या, आणि काळोख.

काल सगळे इथेच ‘हात्तेच्या’ म्हणून बटण बंद करत होते. कुंदाने केलं नाही. ती थांबली. पाच मोजले, दहा मोजले. आणि स्पीकरमधून विंडोज उघडल्याचा तो लांबलचक, गोड सूर वाजला.

कुंदा ताडकन उठून उभी राहिली.

“नाना,” तिने हाक मारली, “नाना, इकडे या. ते चालू आहे.”

नाना धावत आले, पडद्याकडे बघितलं, आणि मग मुलीकडे बघितलं. “कुठं चालू आहे बाई?”

“आतून चालू आहे. वाजलं ना आत्ता. सगळं उघडलंय आतमध्ये, फक्त आपल्याला दिसत नाहीये. पडदा ढगांपर्यंत दाखवतो, पण पुढचं काही त्याला झेपत नाहीये.”

“का पण?”

“तेच तर बघायचंय.”

नाना स्टूल ओढून शेजारी बसले. काल रात्रीपासून त्यांनाही काही गोड लागलं नव्हतं. कॉम्प्युटर गेला की दुकान अर्धं गेल्यासारखंच होतं, आणि आबांपुढे ते तसं बोलू शकत नव्हते.

विंडोज साध्या कपड्यांत उघडायची एक पद्धत असते, ही मॅडमनी एकदा दाखवली होती. ती इंग्रजी ओळ दिसते त्या दोन सेकंदांत सगळ्यात वरच्या रांगेतलं ‘एफ-आठ’ बटण दाबायचं. कुंदाने पुन्हा सुरू केलं, बोट बटणावर धरून बसली, ओळ आली, आणि नेमका अंगणातून आबांचा आवाज आला, “का व पोरी, व्हयनं का?” ओळ निघून गेली. ढग आले. काळोख.

“होतंय आबा,” कुंदा ओरडली, आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी तिने ओळीची वाटही बघितली नाही. ‘बीप’ वाजल्यापासून बोट टकटक, टकटक, टकटक आपटत राहिली, सुतारपक्ष्यासारखी. आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक यादी आली. तिने तीन नंबर निवडला.

ढग आले नाहीत. बराच वेळ डिस्क कुरकुरली. मग पडदा उजळला. मोठमोठी चित्रं, भरड रंग, चारही कोपऱ्यांत इंग्रजीत लिहिलेलं, की आपण सुरक्षित पद्धतीत आहात. पण दिसत होतं. पत्रिकांचा फोल्डर तिथेच होता. ‘मार्च’, ‘एप्रिल’, ‘मुंजी’, सगळं.

नाना स्टुलावरून पडद्याकडे वाकले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि या वेळी डोळे पुसले, आणि मग म्हणाले, “कूलरचं पाणी उडतंय.”

कूलर दुसऱ्या भिंतीला होता.

बाहेर सुपारीहून मंडळी परतली. पाट मांडल्याचा आवाज आला. आबा आणि काका जेवायला बसले. “नाना, तुम्ही जा जेवायला,” कुंदा म्हणाली, “नाहीतर आबा हाका मारतील.” नाना नाइलाजाने उठले.

आता पडद्याला काय झेपत नाही, ते शोधायचं. कुंदाने पडद्याच्या सेटिंगची खिडकी उघडली. तिच्यातून दुसरी खिडकी, तिच्यातून तिसरी. तिसरीत एक ओळ होती. या कॉम्प्युटरला जोडलेला मॉनिटर कुठला, त्याचं नाव. नावाच्या शेवटी आकडा होता. सतरा.

कुंदाने ती ओळ पुन्हा वाचली. मग समोरचा मॉनिटर बघितला. मग कपाटावर ठेवलेलं त्याचं रिकामं खोकं बघितलं, ज्यात आई हिवाळ्याच्या शाली ठेवायची. खोक्यावर हे एवढं मोठं लिहिलं होतं, चौदा इंच. कंपासमधली पट्टी काढून तिने काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलीही. पट्टी काय सहा इंचाचीच होती, तीनदा ठेवावी लागली. चौदासुद्धा पुरते भरले नाहीत.

मग हा सतरा कुठला?

डिस्क गेली होती एकाच ठिकाणी. धुळ्याला. काकांच्या पेटीत लागली, काकांच्या पडद्यावर सुरू झाली, आणि तिथल्या पडद्याची ओळख डोक्यात घेऊन कापसात गुंडाळून परत आली. इथल्या लहानशा मॉनिटरला ती धुळ्याच्या मॉनिटरसारखं वागायला सांगत होती. त्याला ते जमेना, म्हणून तो डोळे मिटून बसला.

पण धुळ्याचा मॉनिटर चौदा इंचीच होता. दोन्ही सारखे होते. नियमच होता तसा.

“काय सापडलं?” मागून आवाज आला.

दारात पितांबरकाका. जेवण झालं होतं, हात ओले होते, ते टॉवेल शोधत आत आले असावेत. त्यांची नजर पडद्यावर गेली. काकांना इंग्रजी येत होतं. कुंदाने बघितलं, त्यांनी ती ओळ वाचली, शेवटच्या आकड्यावर आले, आणि त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावरून हसू असं उतरलं, की पुढचं सगळं कुंदाला न सांगता कळलं.

काकांच्या मागोमाग आबा आणि नाना आले. पडदा उजळलेला बघून आबा थबकले. काठी भिंतीला टेकवून जवळ आले, डोळे बारीक करून बघितलं. आबांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही.

“काय लिखेल शे तठे?”

कुंदाने काकांकडे बघितलं. काका टॉवेल शोधत होते.

एका रेडिओवरून सात वर्षं. आणि हा तर सतरा इंची, रंगीत.

कुंदाने माउस धरला, यादी खाली सरकवली, साधा मॉनिटर निवडला, आणि ‘ओके’ दाबलं. सतरा गेला. “मॉनिटरचं नाव लिहिलंय, आबा,” ती म्हणाली. “सेटिंग चुकलं होतं. आता बरोबर केलं.”

तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आकडे, बीप, ओळ, ढग. ढग गेले. आणि पडद्यावर ‘पुष्पा प्रिंटर्स’ उमटलं, नानांनी मागच्या दिवाळीला पडद्याचं मागचं चित्र म्हणून लावून ठेवलेलं, कमळाच्या चित्रासकट.

दारात आई उभी होती, हाताला पीठ. ती एवढंच म्हणाली, “पेटली एकदाची चूल.”

पण आबांचं समाधान झालं नव्हतं. “सेटिंग चुकनं कसं?”

“चुकतं कधीकधी, आबा.”

“आपोआप?” आबांनी मान हलवली. “तूच काहीतरी दाबेल व्हई. आधी दाबं, आते सुधारं. चांगलं कयं. पन पुढं पुन्हा दाबशी तं? नही. पितांबर, गादी टाकेल शे ना? उचला.”

कुंदाने माउस सोडला. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. आकडा सांगितला असता तरी सुटली असती. जानेवारीपासून वाढलेला तिचा एवढा आवाज, आणि नेमका आत्ता तो वापरायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ती कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायला लागली.

“तिने काही दाबलं नाही, आबा,” पितांबरकाका म्हणाले.

सगळे वळले. काकांनी ओले हात पायजम्यालाच पुसले.

“माझ्याकडचा मॉनिटर मोठा आहे. दिवाळीच्या आधी जुना जळाला, व्होल्टेज वाढलं होतं. दुकानदाराकडे लहान नव्हताच. आणि खरं सांगायचं तर असता तरी मी मोठाच घेतला असता. डिस्क त्याच्यावर लावली, म्हणून इथे हा घोळ. मला काल फोनवरच शंका आली होती. म्हटलं, मशीन धुळ्याला नेलं की कुणाला कळायचं नाही.”

“पण आम्ही संक्रांतीला आलो होतो की तुझ्याकडे,” नाना म्हणाले. “आणि मी परवा डिस्क घेऊन आलो, तेव्हा तू मला पुढच्या खोलीत बसवून ठेवलंस.”

“चहा दिला ना.”

“तीनदा दिलास.”

“आणि संक्रांतीला सुनंदाने त्याच्यावर गोधडी घातली होती,” काका बायकोचं नाव पुढे करत म्हणाले. “आबा विचारत होते, हे काय. ती म्हणाली, थंडीचं कॉम्प्युटरला झाकून ठेवावं लागतं.”

नानांना हसू फुटलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, ते नाकातून आलं. आई पदर तोंडाला लावून अंगणात पळाली. आबा मात्र हसले नाहीत. ते कुंदाच्या खुर्चीत बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून.

“माले का नही सांगं?”

“रेडिओ,” काका म्हणाले. एवढंच.

आबांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, “केवढा शे?”

काकांनी हातांनी दाखवलं.

“अक्षर मोठं दिसस का?”

“चष्म्याशिवाय वाचता येतं, आबा. म्हणूनच तर घेतला. सुनंदाचे डोळे दुखायचे ना, लहान पडद्यावर दिवसभर.”

“सुनंदाचे का?” आबांनी मान वर केली. “तठे तं ऑपरेटर शे ना?”

काका पुन्हा टॉवेल शोधायला लागले. एका दिवसात दोन-दोन गुपितं बाहेर काढायची त्यांना सवय नव्हती. “ऑपरेटर दोन महिन्यांत सोडून गेला. तेव्हापासून सुनंदाच बसते. धुळ्याच्या सगळ्या पत्रिका तीच करते. तुम्हाला आवडलेली ती मोराची, तीसुद्धा.”

मोराची पत्रिका आबांनी देवघरात ठेवली होती.

आबांनी नानांकडे बघितलं. “रुपचंद, आठे बी मोठा लई ये.” आणि जणू विषय संपला अशा आवाजात म्हणाले, “जे धुळाले, ते जळगावले.”

आजवर तो नियम नेहमी जळगावपासून सुरू व्हायचा. पहिल्यांदाच तो उलटा फिरला होता, आणि कुंदाच्या कानांना ते लगेच कळलं. ती आबांसमोर येऊन उभी राहिली. आवाज परत आला, पूर्ण.

“आबा,” ती म्हणाली, “धुळ्याला कॉम्प्युटरवर घरातली बाई बसते.”

“हां.”

“मग जळगावला?”

नाना रुमाल काढून उगाच स्कूटरची किल्ली पुसू लागले.

“आई तर मांडे करते,” कुंदा म्हणाली. “मग उरलं कोण?”

आबा सावकाश उठले. खुर्ची रिकामी झाली. त्यांनी ती काठीने थोडी तिच्या दिशेने सरकवली आणि काकांना म्हणाले, “जीपमधली गादी काढी ले रे. उगाच उन्हात तापस.”

नंतर, काकांना निघताना उशीर झाला, कारण आबांना हा सगळा घोळ मोटर आणि विहिरीच्या भाषेत समजून घ्यायचा होता. कुंदाने सांगितलं, लहान विहिरीवर मोठी मोटर बसवली की कशी नुसतीच कोरडी फिरते, तसंच हे. आबा म्हणाले, “मंग हे आधीच सांगतीस, तं माले समजं असतं.” आणि त्यांनी काकांनाही तेच पुन्हा समजावून सांगितलं, जसं काही काकांना ते माहीतच नव्हतं.

सुनंदाकाकींसाठी मांडे द्यायचे होते. डबा शोधला तर तोच स्टीलचा डबा हाती आला, कडेला अजून कापसाचे दोन तंतू चिकटलेले. आईने तो पुन्हा घासला आणि मांडे मोजायला बसली. तेरा उरले होते.

“सहा धुळ्याला, सहा इथे,” ती म्हणाली, आणि तेरावा हातात धरून थांबली. या घरात असा एखादा मांडा नेहमी पंचाईत करायचा. बहुतेक वेळा तो अर्धा करून मोजून-मापून दोन्हीकडे जायचा.

आबांनी आत दुकानाकडे बघितलं. सकाळपासून काही न खाल्लेली कुंदा तिथे पुन्हा खुर्चीत बसली होती आणि उद्याच्या पत्रिकेवर ‘आमचे येथे’ टाइप करत होती, डोळे उघडे ठेवून.

“तो पोरीले,” आबा म्हणाले. “पन हात धुई ले म्हना. कॉम्प्युटरले तूप लागी.”